पलीकडच्या गावची एल्स्पेट

आमच्या पोर्टगार्व्हीत रोज दुपारी बाराला पाच मिनिटं कमी असताना पर्यटकांची एक पांढरी सोळा सीटची बस उतारावरून बंदरात येते. ती दिसली की मी माझ्या खाण्याच्या दुकानात सुपाखालचा गॅस मोठा करते. घड्याळ बघावं लागत नाही, कारण बस चालवणारी बाई घड्याळापेक्षा खडूस आहे. ती माझी भावजय, एल्स्पेट.

सकाळी नऊला एल्गिनच्या स्टेशनवरून निघायचं, दहाला किल्ला, बाराला समुद्र आणि माझं सूप, अडीचला व्हिस्कीची भट्टी, सहाच्या आत परत स्टेशन. अकरा वर्षं तिचं हेच चाललंय. त्याआधी ती शाळेची बस चालवायची, आणि त्याच्याही आधी मासळीच्या शेडमध्ये गुडघ्यापर्यंत बूट घालून हॅडक कापायची. पोरांना दटावायचा आवाज मात्र अजून शाबूत आहे. जर्मनीहून आलेला बँकेचा मोठा साहेब असो की कॅनडातली जज्जबाई, 'पट्टा!' असं ती एकदा ओरडली की सगळे मुकाट्याने पट्टा लावतात.

किल्ल्याची गोष्ट ती रस्त्याच्या वळणांवर बेतून सांगते. दुसऱ्या पुलावर किल्लेदार कैद होतो, ओकच्या झाडीत त्याची बायको उपाशीपोटी किल्ला लढवायला उभी राहते, आणि बस फाटकाशी वळली की तोफ उडते. पुढे ट्रॅक्टर आडवा आला तर एल्स्पेट त्या बिचारीला आणखी दोन दिवस उपाशी ठेवते. मी तिला एकदा म्हटलंही होतं, "अगं, कापणीच्या दिवसांत ती बाई मरेल तुझ्या हातून."

भट्टीवर सगळे वास घेतात, घोट घेतात, जरा लाल होतात. चालवणाऱ्याला थेंबही चालत नाही, म्हणून भट्टीवाले तिच्या वाट्याची व्हिस्की बोटभर बाटलीत बंद करून देतात. ती त्या बाटल्या घरी नेते आणि स्वतः चहा पिते. मग गावात कुणाला बाळ झालं, कुणाचं माणूस गेलं, कुणाच्या छपराची कौलं वाऱ्याने उडाली, की ही दोन बाटल्या घेऊन त्यांच्या दारात हजर. लोक बाटल्या घेतात, तिला बसवतात, आणि ती गेली की म्हणतात, "पलीकडची आहे, पण मनाने चांगली."

पलीकडची म्हणजे क्रेगनची. क्रेगन इथून दोन मैलांवर आहे, माझ्या खिडकीतून त्यांचा दिवा दिसतो. बाविसाव्या वर्षी ती माझ्या भावाशी, डॉडशी लग्न करून इथे आली, त्याला आता चाळीस वर्षं झाली. डॉडला जाऊनही नऊ झाली. पण आमच्या गावाच्या हिशेबात चाळीस वर्षं म्हणजे कालपरवा.

आमच्याकडे आडनावं चारच: मेअर, स्लेटर, वुड आणि पिरी. मुलांना नावंही आजोबांचीच ठेवतात. त्यामुळे शाळेत एकाच बाकावर तीन जेम्स मेअर बसायचे. म्हणून प्रत्येक घराण्याला एक हाकेचं नाव असतं. आम्ही मेअर, पण बोसन मेअर. दोन घरं सोडून राहायचे ते डोसी, आणि वरच्या आळीतले शेव्ही. पोस्टमनसुद्धा पाकिटावर तेच शोधतो. फक्त कबरीच्या दगडावर हाकेचं नाव कोरत नाहीत. मेल्यावर तरी माणसाने नीटनेटकं दिसावं असं आमच्या म्हाताऱ्यांचं म्हणणं होतं. त्यामुळे चर्चमागच्या कबरस्तानात अकरा जेम्स मेअर पडलेत, आणि कोण कुठला ते फक्त आमच्या डोक्यात आहे.

गेल्या जूनमध्ये एल्स्पेटच्या बसमधून एक म्हातारे गृहस्थ आले, नेव्हिल नावाचे. न्यूझीलंडचे, वय चौऱ्याऐंशी, काठी हातात, कोटाचं वरचं बटण लावलेलं. त्यांची आई जेसी आमच्या गावची. विसाव्या वर्षी बोटीने गेली ती पुन्हा आलीच नाही. तिला जाऊन तीस वर्षं झाली होती. तिची चिमूटभर राख नेव्हिलनी तेव्हापासून एका चपट्या डबीत जपून ठेवली होती. 'मला माझ्या बाबांजवळ ठेव,' असं ती जाताना म्हणाली होती. आधी नोकरी, मग बायकोचं आजारपण, मग स्वतःचे गुडघे, असं करता करता तीस वर्षं गेली.

हे सगळं त्यांनी एल्स्पेटला किल्ल्याच्या पायऱ्यांवर सांगितलं. आजोबांचं नाव जेम्स मेअर, आजीचं मार्गारेट, आजोबा गेले तेव्हा आई चौदा-पंधराची. हाकेचं नाव? ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं.

बस आमच्याकडे पंचेचाळीस मिनिटं थांबते. एल्स्पेट रोज त्यात माझ्या मागच्या दाराशी उभी राहून चहा पिते आणि पावाला लोणी कमी लावलं म्हणून कुरकुरते. त्या दिवशी ती लगेच चहाला आली नाही. खिडकीतून बघितलं तर ती त्या म्हाताऱ्यांना हाताला धरून चर्चच्या चढावर निघाली होती. माझ्या हातात डाव होता, समोर चौदा भुकेली माणसं होती. मी मनात म्हटलं, चालली बाई कुठे.

अर्ध्या तासाने दोघं खाली आली. नेव्हिलचे डोळे लाल झाले होते, पण चेहरा असा उजळला होता की बघणाऱ्यालाही बरं वाटावं. मी त्यांना चुलीजवळची जागा दिली, वाडगाभर सूप दिलं, आणि आमच्याकडे कुणी आलं की जे विचारतात ते विचारलं.

"कुणाचे तुम्ही?"

"जेम्स मेअरचा नातू."

"जेम्स मेअर इथे पैशाला पासरी आहेत हो. घर कुठलं?"

"ते नाही सांगता यायचं. आई एवढंच म्हणायची की गावातली सगळी घरं समुद्राकडे पाठ करून उभी आहेत, आमच्या एकट्याचं दार समुद्राकडे. वादळ आलं की आजोबा दाराला पाठ लावून बसायचे आणि आजी त्यांना तिथेच घास भरवायची." ते हसले. "खरं असेल का हो हे?"

खरं होतं. समुद्राकडे दार असलेलं घर गावात एकच, दोन घरं सोडून. डोसीचं. माझ्या आजीने मला लहानपणी तो घास भरवायचा किस्सा शंभर वेळा सांगितला होता.

"आणि आईला कुठे ठेवलंत?" मी विचारलं.

"वरच्या भिंतीकडे, रोवनच्या झाडाखाली. फार सुंदर जागा आहे. तुमच्या या बाईंनी पाच मिनिटांत शोधून दिली. डबी अगदी झटकून रिकामी केली मी."

रोवनच्या झाडाखाली शेव्हीचा जेम्स आहे. त्याचीही बायको मार्गारेट, तोही वर्षभराच्या अंतराने गेलेला. डोसीचा जेम्स खालच्या ओळीत, पंपाजवळ. आणि डोसी आणि शेव्ही यांच्यात एका जाळ्यावरून तीन पिढ्या बोलणं नव्हतं. चर्चमध्येसुद्धा ती माणसं दोन टोकांना बसत, आणि पाद्रीबुवा मान हलवून हलवून दोघांकडे बघत. त्या शेव्हीच्या उशाला डोसीची जेसी ठेवून आली होती ही दोघं!

मी नेव्हिलना आणखी सूप वाढलं आणि मागच्या दाराशी गेले. एल्स्पेट चहाचा कप घेत होती.

"एल्स्पेट, तो शेव्ही आहे. हे डोसीचे."

तिला पुढे काही सांगावं लागलं नाही. तिने एकदा घड्याळ बघितलं, एकदा दारातून आत बघितलं, कप तसाच माझ्या हातात दिला आणि माणसं मोजायला गेली.

साडेसहाला ती परत आली. जूनचं ऊन अजून बंदरावर होतं. मी खुर्च्या टेबलांवर उपड्या घालत होते, तिने त्यातली एक सरळ करून घेतली आणि मटकन बसली.

"भट्टीवर त्यांनी पेला वर केला," ती म्हणाली. "म्हणाले, या बाईंनी माझ्या आईला घरी पोचवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या गं, आयना. परत येताना मी आरशात बघत होते, म्हातारबाबा झोपले होते. तोंडावर हसू."

"मग राहू दे ना तसंच. उद्या साडेदहाच्या गाडीने जातायत. सांगून काय मिळणार? ते काही परत येत नाहीत तपासायला."

"आणि त्यांची आई?"

"तिला जाऊन तीस वर्षं झाली."

"आयना, किल्ल्यातली बाई मी दोन दिवस जास्त उपाशी ठेवते, ते चालतं. ती गोष्ट आहे. पण ही माझ्यावर विश्वास ठेवून आलेल्या माणसाची आई आहे. मी उद्या सकाळी सांगणार त्यांना."

तिचं बरोबर होतं, म्हणूनच मी चिडले. "अगं, पण मला विचारायचं होतंस! इथे दहा पावलांवर होते ना मी. गेलीस आपली ऐटीत दगड वाचायला. इतकी वर्षं झाली, एवढंही माहीत नाही तुला?"

"हेच!" तिने टेबलावर हात आपटला. "हेच म्हणतेस तू. चाळीस वर्षांत तुला काहीही विचारलं की हेच. कुठली बोट कुणाची, कुणाला कोणत्या दिवशी साखर घालायची नाही चहात, काहीही विचारलं तरी 'एवढंही माहीत नाही तुला अजून?' म्हणून मी विचारणंच सोडलं. डॉड गेला तेव्हा तुमच्या घरच्या कबरी कुठे आहेत हे मी चर्चच्या कारकुनाला विचारलं. तुला नाही विचारलं. माहीत आहे तुला?"

मला माहीत नव्हतं.

"बाहेरून आलेल्या सुनेला घरातल्या माणसांनी घराचं हाकेचं नाव द्यायचं असतं," ती म्हणाली, आता आवाज खाली आणून. "तुझ्या आईने दिलं नाही. ती गेली, डॉड गेला, तू एकटी उरलीस. तूही दिलं नाहीस. मी या गावात कोण आहे? बसवाली. नाहीतर पलीकडची. सांग ना, आज मी तिथे वर उभी राहून कुणाच्या नावाने विचारणार होते?"

मी टेबल पुसत राहिले. ते कोरडंच होतं. आईने तिला घराचं नाव दिलं नाही त्याला कारण होतं, आईला डॉडसाठी गावातलीच मुलगी हवी होती. पण मी का दिलं नाही? मला काही कारण सांगता येईना. चेष्टा करायची सवय लागली होती, आणि तीही हसायची, म्हणून मला वाटायचं सगळं ठीक आहे. फार लाज वाटली मला. ती गेल्यावर दार लावून घेतलं आणि पोटभर रडले.

सकाळी मी दुकानाच्या दारावर 'आज सूप उशिरा' अशी पाटी लावली आणि तिच्या बसमध्ये जाऊन बसले. अकरा वर्षांत पहिल्यांदा. तिने आरशात बघितलं.

"तू कशाला?"

"डोसीचा दगड कोण दाखवणार?"

तिने किल्ली फिरवली. मग म्हणाली, "पट्टा!"

नेव्हिल एल्गिनमध्ये ज्या घरी उतरले होते तिथे ते ओटच्या लापशीवर मीठ घालत बसले होते. एल्स्पेट उभीच राहिली. टोपी हातात घेतली आणि एका दमात सांगून टाकलं. "काल मी चुकले. तो तुमचा आजोबा नव्हता. मी गावात कुणालाही विचारलं नाही, विचारायला हवं होतं. चूक माझी एकटीची आहे."

"थोडी माझीही," मी म्हटलं.

नेव्हिलनी चमचा खाली ठेवला. घरमालकीण चहा घेऊन आली आणि तशीच परत गेली.

"तो दुसरा," शेवटी ते म्हणाले, "वाईट माणूस होता का?"

"वाईट नाही हो," मी म्हटलं. "चिक्कू होता. आणि तुमच्या आजोबांशी त्याचं पटत नव्हतं. म्हणजे अजिबातच."

त्यांच्या तोंडाचा कोपरा हलला. "आई दोन मिनिटं गप्प बसू शकायची नाही. एव्हाना तिने त्याला बोलता केला असेल." पण हे म्हणता म्हणता त्यांनी रुमाल काढला. "डबीत काही नाही उरलं. मी झटकली ना ती. आता तिला कसं न्यायचं?"

"मी नेते," एल्स्पेट म्हणाली. "तुम्ही चला. गाडी संध्याकाळचीही आहे."

स्टेशनवर नऊला बारा माणसं उभी होती. एल्स्पेटने त्यांना काही लपवलं नाही. काल काय घडलं ते सांगितलं, आज आधी पोर्टगार्व्हीला जायचंय, त्यात किल्ला बुडणार, ज्यांना चालणार नाही त्यांनी हात वर करा. एका डच माणसाने हात वर केला. त्याच्या बायकोने तो धरून खाली केला. तिच्या गोष्टी सांगायच्या वळणांवर त्या दिवशी बस गप्प होती. ओकची झाडी आली, गेली. किल्ल्याचं फाटक उजवीकडे राहिलं.

मी दुकानातून सुपाचा एक मोठा चमचा आणि झाकणाचा वाडगा आणला. कबरस्तानात बसमधली माणसं भिंतीपलीकडेच थांबली, कुणी सांगितलं नव्हतं तरी. रोवनखाली गवताच्या मुळाशी राखेचा करडा पट्टा अजून दिसत होता. रात्री पाऊस आला नव्हता, हे आमचं नशीब. एल्स्पेट गुडघे टेकून बसली. बासष्ट वर्षांची बाई, तिला सोपं नव्हतं ते. तिने चमच्याने माती उचलली, अगदी हळू, साय काढावी तशी. वाडगा भरल्यावर ती शेव्हीच्या दगडाकडे बघून म्हणाली, "थोडी राहिली असेल तर असू दे. सांभाळ." मग आम्ही तीस पावलं चालत खालच्या ओळीत आलो आणि मी पंपाजवळचा दगड दाखवला. नाव तेच, बायकोचं नाव तेच, वर्ष तेवढं वेगळं. नेव्हिलनी दगडावर हात ठेवला. एल्स्पेटने माती दगडाच्या पायाशी घातली आणि चमच्याच्या पाठीने दाबून बसवली.

समुद्रावरून वारा येत होता. नेव्हिल काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते.

"मला काही सुचत नाही हो," ते म्हणाले. "काल सगळं बोलून बसलो. आई कशी गेली, शेवटी काय म्हणाली, सगळं त्या दुसऱ्यालाच सांगितलं. आज शिल्लकच नाही काही. बाई, तुम्ही सांगाल का यांना?"

दिवसभर अखंड बडबडणारी एल्स्पेट. पण ती दगडाकडे बघत राहिली आणि तिला सुरुवात करता येईना. तिने टोपी काढली.

"जेम्स मेअर," ती म्हणाली. "डोसी. ही तुमची जेसी आली आहे. काल माझ्यामुळे तिला शेव्हीच्या दारात राहावं लागलं. रागवायचं तर माझ्यावर रागवा, तिच्यावर नको. आणि हा तिचा मुलगा. फार लांबून आलाय, गुडघे दुखतात तरी आलाय. डोसीचा नेव्हिल."

चौऱ्याऐंशी वर्षांत नेव्हिलना तसं कुणी म्हटलं नव्हतं.

"आणि मी," एल्स्पेट म्हणाली, आणि अडली. आमच्याकडे दुसऱ्याला दारात आणणाऱ्याने आपण कोण तेही सांगायचं असतं. "मी बस चालवते."

"नीट सांग," मी मागून म्हटलं.

"काय नीट?"

"बोसनची एल्स्पेट आहेस ना तू? मग तसं सांग की त्यांना. जेसीला कुणी आणलं ते कळायला नको?"

ती मागे वळली नाही. मला फक्त तिची पाठ दिसत होती. भिंतीपलीकडे तो डच माणूस जोरात नाक शिंकरत होता. शेवटी तिने मान वर केली आणि शाळेच्या बसमधल्या त्या खणखणीत आवाजात, सगळ्या कबरस्तानाला ऐकू जाईल असं म्हणाली, "मी बोसनची एल्स्पेट."

मी जाऊन तिच्या हातातली टोपी घेतली आणि तिथेच, सगळ्यांसमोर, तिला घट्ट धरून उभी राहिले.